ब्रायन २: पाच वर्षं रोज वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

ब्रायन २ म्हणजे मेंदूतल्या पेशींचं (न्यूरॉन्सचं) वागणं कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर. आधी रेटिंग देऊन टाकते म्हणजे घाईतली मंडळी सुटतील. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

लिहायचं कारण असं की गेल्या दोन महिन्यांत तीन ज्युनियर्सनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, प्लॅस्टिसिटीचं मॉडेलिंग करायचंय, ब्रायन शिकू का न्यूरॉन का नेस्ट?" (न्यूरॉन आणि नेस्ट ही पण तसलीच सॉफ्टवेअर) आणि तिघींनाही टपरीवर उभं राहून तेच तेच सांगून माझा घसा बसला, शिवाय सीनियर म्हणून चहाचे पैसे दरवेळी मीच दिले. तर म्हटलं एकदाच लिहून टाकू, पुढची आली की हेच वाचायला द्यायचं.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कुठल्या चष्म्यातून बोलतेय ते कळेल. मूळची कराडची, फिजिक्समध्ये एमएस्सी, सध्या पुण्यात पीएचडी, पाचवं वर्ष संपत आलंय. (थिसिस कधी देणार हे कृपया विचारू नका, ते विचारायला घरचे आहेत.) विषय सिनॅप्टिक प्लॅस्टिसिटी, म्हणजे दोन न्यूरॉन्समधला जोड (सिनॅप्स) अनुभवाने घट्ट किंवा सैल कसा होतो, आणि हे सगळं कॉम्प्युटरवर, उंदीर नाही, मायक्रोस्कोप नाही, लॅब कोट तर मी शेवटचा बीएस्सीला घातला असेल. दिवाळीत आजीने विचारलं, "म्हंजे डोकं उघडतीस व्हय गं कुणाचं?" म्हटलं नाही गं, समीकरणं लिहिते, कॉम्प्युटरवर चालवते आणि काय होतंय ते बघते. "मग त्यातनं डोक्यातलं कळतं व्हय?" हाच प्रश्न माझ्या कमिटीनेही विचारलाय, फक्त इंग्रजीत आणि पाऊण तास घेऊन.

विषय नवीन असणाऱ्यांसाठी थोडं. डोनाल्ड हेब नावाच्या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडलं की एक न्यूरॉन दुसऱ्याला पेटवण्यात सारखा हातभार लावत असेल तर त्यांच्यातला जोड पक्का होत जातो. तेव्हा ती नुसती कल्पना होती. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा आठवणींशी संबंधित भाग) प्रत्यक्ष दाखवलं की वेगाने उत्तेजन दिलं की जोड मजबूत होतो आणि तासन्‌तास तसाच राहतो. मग १९९७-९८ मध्ये वेळेची भानगड उघडी पडली, आधी मार्करम आणि त्यांचे सहकारी, पाठोपाठ बी आणि पू. पहिल्या न्यूरॉनचा स्पाइक (विजेचा छोटासा झटका) दुसऱ्याच्या काही मिलिसेकंद आधी आला तर जोडाचं वजन, म्हणजे ताकद, वाढतं, आणि नंतर आला तर कमी होतं, म्हणजे वरातीमागून घोडं आलं तर मान तर सोडाच, उलट पुढच्या लग्नाचं आमंत्रण पण कटतं. बी-पूच्या प्रयोगात अशा ६० जोड्या दिल्या होत्या, सेकंदाला एक, आणि जास्तीत जास्त परिणाम साधारण २० मिलिसेकंदांच्या आत. याला एसटीडीपी म्हणतात, स्पाइक-टायमिंग-डिपेंडंट प्लॅस्टिसिटी. आमच्या लॅबमध्ये हा शब्द दिवसातून इतक्यांदा येतो की जुन्या एसटीडी बूथचा विनोद आता कुणी करत नाही, पहिल्या वर्षी सगळे करून घेतात.

आता प्रॉडक्टकडे. ब्रायन हा स्पायकिंग न्यूरॉन्सच्या नेटवर्कचा सिम्युलेटर, पायथॉनमध्ये चालतो, फुकट आणि ओपन सोर्स. रोमां ब्रेत आणि डॅन गुडमन यांनी पॅरिसमध्ये सुरू केला, पहिला पेपर २००८ चा, आणि सध्या आपण वापरतो तो ब्रायन २, यात मार्सेल स्टिमबर्ग यांचा मोठा वाटा, त्याचा पेपर २०१९ मध्ये ईलाइफ या जर्नलमध्ये आला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ब्रेनची दोन अक्षरं इकडची तिकडे केली की ब्रायन होतं. माझ्या पहिल्या वर्षाच्या रिपोर्टमध्ये ऑटोकरेक्टने सगळीकडे ब्रेन २ करून ठेवलं आणि कमिटीतल्या एका सरांनी अगदी गंभीरपणे विचारलं की ब्रेन १ चं काय झालं.

याचं मुख्य वैशिष्ट्य म्हणजे तुम्ही वहीत जे समीकरण लिहिता तेच्या तेच टाइप करायचं. म्हणजे डीव्ही बाय डीटी बरोबर अमुक वजा व्ही भागिले टाऊ, पुढे कोलन, पुढे युनिट व्होल्ट. बस. न्यूरॉनचे तयार प्रकार निवडायची यादी नाही, आत काय चाललंय ते झाकलेलं नाही, तुमचं समीकरण हेच तुमचं मॉडेल. सिनॅप्सचं पण तसंच, आधीच्या न्यूरॉनचा स्पाइक आला की काय करायचं ते ऑन-प्रीमध्ये लिहा, नंतरच्याचा आला की काय ते ऑन-पोस्टमध्ये लिहा. आतमध्ये तो त्याचा सी प्लस प्लस कोड बनवून कंपाइल करून पळवतो, पण तुम्हाला त्यात डोकं घालावं लागत नाही. प्लॅस्टिसिटीवाल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या विषयात दर दोन वर्षांनी नवीन नियम येतो आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये रेडीमेड नसतो, तुम्हालाच लिहायचा असतो.

आणि युनिट्स! यासाठी मी जास्तीचा एक स्टार देते, नंतर वाटल्यास कापा. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी सगळा कोड हाताने लिहिलेला, त्यात एका ठिकाणी टाइम कॉन्स्टंट (एखादी गोष्ट किती वेळात विरते तो आकडा) मिलिसेकंदात आणि दुसऱ्या ठिकाणी सेकंदात होता, आणि ते मला प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री समजलं, तेव्हा काय अवस्था झाली असेल विचार करा, होस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडून आले आणि मग सगळे प्लॉट परत काढले. ब्रायनमध्ये नुसतं २० लिहिलं तर तो चालूच होत नाही, डायमेन्शन मिसमॅच एरर देतो आणि कुठल्या बाजूला काय युनिट आलंय ते पण दाखवतो. व्होल्टमध्ये अँपिअर मिळवायला गेलात तर हाकलून देतो. सुरुवातीला वैताग येतो, रात्री दोन वाजता आपल्याला नॅनोसिमेन्स आणि नॅनोअँपिअर यातला फरक समजावून घ्यायचा नसतो, पण सकाळी बरं वाटतं. फक्त एक लक्षात ठेवा, २० मिलिसेकंदऐवजी २० सेकंद लिहिलंत तर तो काही बोलणार नाही, दोन्ही वेळच. त्याला युनिट कळतं, तुमचा न्यूरॉन उंदराचा आहे का कासवाचा ते नाही कळत.

शिकायला बसाल तर एक सांगते, ट्युटोरियल नंतर बघा, आधी त्यांच्या उदाहरणांमधलं एसटीडीपीचं उदाहरण चालवा. माझं सगळ्यात आवडतं. एक न्यूरॉन, त्याच्यावर १,००० इनपुट्स, प्रत्येक इनपुट १५ हर्ट्झने आपापल्या मर्जीने स्पाइक पाठवतंय, कुणाचा कुणाशी संबंध नाही, आणि सगळी वजनं सुरुवातीला शून्य आणि कमाल यांच्यामध्ये कुठेतरी विखुरलेली. १०० सेकंद पळवायचं, सेकंद म्हणजे मॉडेलमधले, आणि शेवटी वजनांचा हिस्टोग्राम बघायचा. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं काहीतरी बिघडलं, कारण मध्ये जवळजवळ कुणीच नाही, एक ढीग शून्याजवळ आणि एक ढीग कमालीजवळ. कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही, इनपुट सगळे सारखेच, तरी काही निवडले गेले आणि काही बाद. हे साँग, मिलर आणि अ‍ॅबट यांच्या २००० सालच्या पेपरमधलं आहे आणि त्याची किल्ली एका आकड्यात आहे, १.०५. म्हणजे वजन कमी होण्याचं पारडं वाढण्याच्या पारड्यापेक्षा पाच टक्के जड ठेवलंय. तो आकडा १ च्या खाली आणून बघा, वजनं वरच्या टोकाला जाऊन चिकटायला लागतात आणि निवड वगैरे सगळं संपतं. त्याच वर्षी व्हॅन रॉसम, बी आणि ट्युरिजियानो यांनी दाखवलं की घट ही वजनाच्या प्रमाणात ठेवली, म्हणजे जो मोठा त्याचं जास्त कापलं, तर दोन ढीग होत नाहीत, एकच मधला डोंगर येतो, आणि प्रत्यक्ष मेंदूत मोजलेली वजनं त्या एका डोंगरासारखी जास्त दिसतात. ब्रायनमध्ये या दोन्ही जगांत फरक एका ओळीचा आहे. ती ओळ बदलून दोन हिस्टोग्राम शेजारी ठेवले त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हां, आपण हे पाच वर्षं करू शकतो. (तेव्हा पाचच वाटली होती.)

आता माझी लाज. ही गोष्ट मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाचे सहा आठवडे जाऊ नयेत.

साधा जोडीचा नियम सगळे प्रयोग समजावू शकत नाही. स्योस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये उंदराच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये (मेंदूचा बघण्याचा भाग) दाखवलं की आधी-नंतरचा क्रम बरोबर असला, अगदी १० मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं, तरी जोड्या फार सावकाश दिल्या, म्हणजे दहा सेकंदाला एक, तर वजन वाढतच नाही. वेग वाढवला की वाढतं. जोडीच्या नियमाला हे जमत नाही कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक जोडी सारखीच. मग २००६ मध्ये फिस्टर आणि गर्स्टनर यांनी तीन स्पाइक्सचा नियम दिला, ट्रिपलेट रूल, यात नंतरच्या न्यूरॉनचा आत्ताचा स्पाइक आणि त्याच्या आधीचा स्पाइक दोन्ही मोजतात, आधीच्याची आठवण म्हणून एक हळूहळू विरत जाणारा ट्रेस ठेवतात. सावकाश वेगात तो ट्रेस विरून शून्य झालेला असतो म्हणून वजन वाढत नाही. सुंदर आयडिया.

मी हे ब्रायनमध्ये लिहिलं, चालवलं, ग्राफ काढला, खाली वेग ०.१ ते ५० हर्ट्झ, वर वजनातला बदल. ग्राफ चढत होता, मी खूश, सरांकडे घेऊन गेले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनच्या अगदी जवळ गेले आणि डावीकडच्या पहिल्या ठिपक्यावर पेनाचं टोक ठेवलं. "हा वर का आहे?"

"नॉइज असेल सर."

"नॉइज घातलायस का तू मॉडेलमध्ये?"

घातला नव्हता. मॉडेलमध्ये रँडम काहीच नव्हतं, शंभरदा पळवलं असतं तरी तोच ठिपका तिथेच आला असता. सहा आठवडे मी पॅरामीटर बदलत बसले, टाइम कॉन्स्टंट परत परत तपासले, १६.८ आणि ३३.७ मिलिसेकंद हे आकडे मला आता मोबाइल नंबरसारखे पाठ आहेत, पेपरमध्येच चूक आहे का इथपर्यंत माझी मजल गेली. आणि चूक काय होती? ऑन-पोस्टमध्ये दोन ओळी. एकीत ट्रेसमध्ये १ मिळवायचा आणि दुसरीत तो ट्रेस वाचून वजन वाढवायचं. मी मिळवायची ओळ आधी लिहिली होती. ब्रायन ओळी लिहिल्या त्याच क्रमाने चालवतो, त्यामुळे प्रत्येक स्पाइकला ट्रेसमध्ये स्वतःचाच १ दिसत होता, आधीच्या स्पाइकची आठवण म्हणून जे मोजायचं तिथे मी स्वतःलाच मोजत होते, आणि म्हणून कितीही सावकाश दिलं तरी वजन वाढत होतं. पेपरमध्ये तिथे स्पष्ट लिहिलंय की ट्रेसची किंमत स्पाइकच्या किंचित आधीची घ्यायची, एक बारीकसा एप्सिलॉन आहे, मी तो वाचून "हां ठीके" म्हणून पुढे गेले होते. ओळींची अदलाबदल केली, परत चालवलं, पहिला ठिपका टपकन शून्यावर. सरांना मेल केला. रिप्लाय आला, "गुड." एवढाच.

यात ब्रायनचा दोष शून्य. उलट दहा ओळींत सगळं मॉडेल समोर होतं म्हणून शेवटी सापडलं, हजार ओळींच्या कोडमध्ये सहा आठवड्यांचे सहा महिने झाले असते.

अजून एक छान सोय म्हणजे इव्हेंट-ड्रिव्हन असं एका शब्दाने सांगता येतं. मॉडेल वेळेत पुढे सरकतं त्याचं डिफॉल्ट पाऊल ०.१ मिलिसेकंदांचं, म्हणजे सेकंदाला १०,००० पावलं, पण १५ हर्ट्झचं इनपुट असेल तर एका सिनॅप्सवर स्पाइक सेकंदाला सरासरी १५ च येतात. मग प्रत्येक पावलाला ट्रेस मोजत बसायचं कशाला, स्पाइक आला की मधल्या वेळाचा हिशोब एकदम करायचा, किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखं, महिन्याच्या शेवटी एकदाच. पण मग तोच ट्रेस रेकॉर्ड करायला गेलात तर ग्राफमध्ये पायऱ्या दिसतात, गुळगुळीत उतार दिसत नाही, कारण मधल्या वेळात त्याने काही मोजलेलंच नसतं. घाबरू नका, बघायचं असेल तेवढ्यापुरतं क्लॉक-ड्रिव्हन, म्हणजे दर पावलाला मोजणारं, करा.

रेकॉर्डिंगवरून आठवलं. स्टेट मॉनिटर, म्हणजे मॉडेलमधले आकडे टिपून ठेवणारी सोय, जपून लावा. १,००० सिनॅप्स, सेकंदाला १०,००० पावलं, १०० सेकंद, प्रत्येक आकड्याला ८ बाइट, करा गुणाकार, ८ जीबी होतात. माझ्या तेव्हाच्या लॅपटॉपची रॅम बरोब्बर ८ जीबी होती. तो असा गोठला की माउसचा बाण पण हलेना, आणि त्यात न सेव्ह केलेली दुसरी फाइल पण गेली. आता मी वजनं सेकंदाला एकदाच टिपते, काही बिघडत नाही, वजनं काही शेअर बाजार नाहीत.

वेगाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. एका न्यूरॉनसाठी, शंभरांसाठी लॅपटॉप पुरतो, पहिल्यांदा चालवताना कंपाइल करायला वेळ घेतो, चहा ठेवून या, दुसऱ्यांदा कॅशेमधून पटकन उचलतो. विंडोजवाल्यांनी आधी सी प्लस प्लसचा कंपायलर नीट बसवा, नाहीतर तो गुपचूप नमपायवर (पायथॉनची गणिताची लायब्ररी, इथे हळू पडते) चालतो, म्हणजे गुपचूप नाही, वॉर्निंग देतो, पण वॉर्निंग वाचतं कोण. आमच्याकडचा एक जण वर्षभर "ब्रायन स्लो आहे" म्हणत फिरत होता, शेवटी एका इंटर्नने त्याची स्क्रीन वर स्क्रोल करून दाखवली. आणि ती कॅशे मधूनमधून साफ करा, माझी एकदा काही जीबी झाली होती.

नेटवर्क मोठं झालं की खरी मजा आणि खरा ताप. २०११ मध्ये व्होगेल्स आणि सहकाऱ्यांनी इनहिबिटरी, म्हणजे आवरणाऱ्या, सिनॅप्सच्या प्लॅस्टिसिटीचं मॉडेल दिलं, १०,००० न्यूरॉन्स, त्यातले ८,००० चेतवणारे आणि २,००० आवरणारे, तेही उदाहरणांमध्ये आहे. मी त्यावर चेतवणाऱ्या सिनॅप्सनाही शिकायला लावलं, तिथून माझं तिसरं वर्ष सुरू झालं आणि संपलं. हेबचा नियम एकटा सोडला की काय होतं तर जोड घट्ट झाला म्हणून जास्त स्पाइक, जास्त स्पाइक म्हणून जोड अजून घट्ट, आणि बघता बघता सगळं नेटवर्क पेटतं. रास्टर प्लॉटमध्ये प्रत्येक स्पाइकचा एक काळा ठिपका असतो, माझा प्लॉट दोन सेकंदांनंतर नुसता काळाकुट्ट, तव्याच्या बुडासारखा. मेंदूत हे आवरायला व्यवस्था आहे, ट्युरिजियानो यांच्या गटाने १९९८ मध्ये सिनॅप्टिक स्केलिंग दाखवलं, न्यूरॉन फार बडबडायला लागला की तो आपली सगळी वजनं एकत्र खाली आणतो, फार गप्प झाला की वर नेतो. पण त्याला तास, दिवस लागतात. आणि माझं नेटवर्क दोन सेकंदांत जळतंय! मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, (ट्रिपलेटच्या अनुभवानंतर हीच शंका पहिली येते,) पण हा सगळ्यांचाच प्रश्न निघाला, झेंके, हेनेकॅन आणि गर्स्टनर यांनी २०१३ मध्ये यावरच लिहिलंय की मॉडेल टिकायचं तर आवरणारी यंत्रणा सेकंद-मिनिटांच्या वेगाने धावली पाहिजे. मग मेंदू दरम्यान काय करतो? यावर माझा थिसिसचा चौथा चॅप्टर आहे, इथे सांगत नाही, नाहीतर ज्युनियर्स तो वाचणार नाहीत.

मुद्दा हा की ब्रायनने मला कधीच सांगितलं नाही की बाई तुझा नियम मेंदूत शक्य नाही. स्केलिंगचा टाइम कॉन्स्टंट दोन सेकंद टाक म्हटलं, टाकला. युनिट बरोबर होतं ना. नेटवर्क मस्त शांत, प्लॉट देखणा, आणि कुठल्याही पेशीत असं घडत असल्याचा पुरावा नाही. सोपं सॉफ्टवेअर असलं की हा मोह जास्त होतो, म्हणून नवीन मुलींना सांगते, प्रत्येक पॅरामीटरसमोर कॉमेंटमध्ये लिहा की तो कुठल्या प्रयोगातून आला, आणि जो कुठूनच आला नाही त्यासमोर "मनाने" असं लिहा. माझ्या फाइलमध्ये अकरा "मनाने" आहेत. कमी करत आणलेत, सतरा होते.

आता कापलेला अर्धा स्टार. मोठं नेटवर्क पळवायचं तर स्टँडअलोन मोड वापरावा लागतो, सगळं मॉडेल एक स्वतंत्र सी प्लस प्लस प्रोग्रॅम बनून पळतं, अनेक कोअर वापरता येतात, वेगात खूप फरक पडतो. पण त्यात स्टोअर-रिस्टोअर चालत नाही. म्हणजे साध्या मोडमध्ये तुम्ही नेटवर्कला शिकवलं, ती स्थिती स्टोअर केली, मग एक टेस्ट दिली, रिस्टोअर करून दुसरी दिली, असं शंभरदा करू शकता. प्लॅस्टिसिटीत नेमकं हेच तर करायचं असतं, एकदा शिकवा आणि त्याच स्थितीतून परत परत तपासा. म्हणजे वेग पाहिजे तर ही सोय नाही, सोय पाहिजे तर वेग नाही. मार्ग आहेत, शिकलेली वजनं फाइलमध्ये काढायची आणि नवीन रनमध्ये भरायची, मी तेच करते, पण ट्रेस, व्होल्टेज, सगळं आठवणीने काढावं लागतं आणि एखादं राहतंच. शिवाय एका मशीनच्या पलीकडे, म्हणजे क्लस्टरच्या अनेक नोड्सवर एकच नेटवर्क पसरायचं असेल तर ब्रायन त्यासाठी बनलेलाच नाही.

त्यासाठी नेस्ट. जर्मनीत युलिशच्या सुपरकॉम्प्युटरवाल्यांकडे वाढलेला, लाखो न्यूरॉन्स हजार प्रोसेसरवर पसरायचे तर तोच, पण नवीन नियम घालायला ब्रायनइतका सरळ नाही. न्यूरॉन नावाचं सॉफ्टवेअर हे आजोबा, ड्यूक आणि येलमधलं मायकल हाइन्स, टेड कार्नेव्हेल यांचं काम, डेंड्राइटच्या फांद्या, प्रत्येक फांदीवर वेगवेगळे चॅनल (आयन आत-बाहेर सोडणारी दारं) असं करायचं तर दुसरं काही बघूच नका, येलच्या मॉडेलडीबी या ऑनलाइन संग्रहावर त्यातली तयार मॉडेल्स ढिगाने पडलीयेत. आता पायथॉनमधून चालतो, तरी चॅनल लिहायचा तर त्याची वेगळी भाषा शिकावी लागते. आणि सिनॅप्सच्या आत, कॅल्शियम आल्यावर पुढे कुठलं एन्झाइम कुणाला जागं करतं अशा रसायनात शिरायचं असेल तर आपल्या बेंगळुरूच्या एनसीबीएसमधला (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) मूस, उपी भल्ला यांच्या गटाचा, हे गृहस्थ त्याआधी अमेरिकेतल्या कॅलटेकच्या जेनेसिस या सिम्युलेटरच्या कामातही होते. त्याच एनसीबीएसमध्ये स्मृती आणि प्लॅस्टिसिटीच्या मॉडेलिंगवर कॅम्प नावाचा उन्हाळी कोर्स असतो, ज्यांना जमेल त्यांनी अर्ज करा, माझी मैत्रीण जाऊन आली, अजून त्याच मुलांशी बोलत असते.

किंमत शून्य, हे परत सांगते कारण पीएचडीची फेलोशिप महिन्याला जेआरएफला (ज्युनियर) ३७,००० आणि एसआरएफला (सीनियर) ४२,००० असताना लायसन्सचा विचार करावा लागत नाही ही मोठी गोष्ट आहे. सपोर्टसुद्धा फुकटातला वाटत नाही. मी तीनदा प्रश्न टाकला, तिन्ही वेळा उत्तर आलं, एकदा तर माझा कोड दुरुस्त करून.

रिपोर्टिंग टेक्स्ट चालू ठेवायची सवय लावा, किती टक्के झालं आणि किती वेळ राहिला ते सांगत राहतो. पण त्यावर जीव लावू नका. गणपतीत घरी गेले होते, लॅपटॉपवर तीन दिवसांचा रन लावलेला, ओसरीत पाटावर, आजी येताजाता त्याच्यावर पदर झाकायची धूळ बसू नये म्हणून. ९४ टक्क्यांवर लाईट गेली. बॅटरी जुनी, चाळीस मिनिटं टिकली, लाईट आली दीड तासाने. सगळं मेमरीत होतं, डिस्कवर काहीच नाही. आजी म्हणाली, "परत सांग की त्याला, एकदा शिकलंय न्हवं?" तेव्हापासून दर दहा टक्क्यांना रन तोडून फाइलमध्ये लिहिते.

तिघींपैकी एकीने काल एसटीडीपीचं उदाहरण चालवून हिस्टोग्रामचा फोटो पाठवला, मोबाइलने स्क्रीनचा काढलेला, तिरका, खाली लिहिलेलं, "ताई दोन ढीग आलेत, बरोबर आहे का काही बिघडलं?" तिला म्हटलं १.०५ च्या जागी १ टाक आणि काय येतं ते मला सांग, पण आधी काय येईल ते वहीत लिहून ठेव. अजून रिप्लाय नाही.